बेचाळिसाव्या वर्षी टीईटी

1 सप्टेंबर 2025. आमच्याकडे त्या दिवशी लक्ष्म्या जेवायच्या होत्या. पुरण शिजत होतं, सोळा भाज्या चिरून झाल्या होत्या आणि ओट्यावरचा फोन सारखा थरथरत होता. शिक्षकांच्या ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज. आधी वाटलं, कुणी तरी गेलं असावं. उघडून बघितलं तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आवश्यक. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असेल त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही.

माझी निवृत्ती 2041 ला. म्हणजे सूट वगैरे काही नाही. मी 2005 साली तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले. टीईटीची अट मुळात आली 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने, महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली डिसेंबर 2013 मध्ये. तोवर माझ्या हाताखालून पहिलीच्या कितीतरी तुकड्या वाचायला शिकून गेल्या होत्या. राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण समोर सवाष्ण जेवायची थांबली होती, तेव्हा फोन पालथा ठेवला आणि पुरण वाटायला घेतलं.

मी बार्शीत राहते. शाळा बावीस किलोमीटरवर, दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकपद सरांकडे. घरी नवरा (खत-बियाणांच्या दुकानात आहे), सासूबाई, दहावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. हे एवढ्यासाठी सांगितलं की माझ्यासारख्या अनेकजणी आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच अजून फॉर्म भरावा की नाही या विचारात आहेत.

फॉर्म

अर्ज 15 सप्टेंबरपासून सुरू झाले. ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, "भरायचाच नाही, भरला म्हणजे मान्य केलं." दुसरा म्हणे, "भरून तर ठेवा, पुढचं पुढे." मी दुसऱ्या तटात गेले. संघटना लढतील ते लढू देत, पण 31 ऑगस्ट 2027 ही तारीख काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. पहिल्या प्रयत्नात निघालं नाही तर हातात आणखी एकदोन संधी राहाव्यात एवढाच हिशेब.

फॉर्म भरण्यातला खरा घोळ नावाचा. दहावी, बारावी, डीएड सगळं माहेरच्या नावाने. आधार, पॅन, पगार सगळं सासरच्या. माळ्यावरच्या ट्रंकेतून गुणपत्रिका काढल्या, सोबत नाव बदललेलं राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला काढला. राजपत्र नसेल तर ते आधी करून घ्या, ऐनवेळी मिळत नाही. फोटो, सही आणि हाताने लिहिलेलं स्वयंघोषणापत्र स्कॅन करून चढवायचं असतं. मोबाइलवर दोन रात्री खटपट केली आणि शेवटी बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत गेले. त्याने शंभर रुपयांत वीस मिनिटांत भरून दिला. त्या वेळी एका पेपरचं शुल्क 1000 रुपये होतं, दोन्ही पेपर दिले तर 1200. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 700 आणि 900.

दोनशे रुपयांत दुसरा पेपर मिळतोय म्हटल्यावर सगळेच दोन्ही भरत होते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. मी एकच भरला. माझे वर्ग पहिली-दुसरीचे, माझी गरज एका पेपरची. पुढे पदवीधर शिक्षक व्हायचं असेल त्यांनी दुसऱ्याचा जरूर विचार करावा. पण ज्यांच्या घरी दहावी आहे त्यांनी दोनशे रुपये वाचवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटची तारीख 3 ऑक्टोबर होती, ती वाढून 9 ऑक्टोबर झाली. मी सप्टेंबरातच भरून मोकळी झाले ते बरंच झालं, कारण महिन्याच्या शेवटी आमच्याकडे पावसाने जे केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. सीना फुगली, सोलापूर-धाराशिवकडची गावंच्या गावं पाण्यात. आमच्या शाळेत पाणी शिरलं नाही, पण वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरचं सोयाबीन शेतातच कुजलं. त्या आठवड्यात पोरं शाळेत यायची ती खिचडी मिळते म्हणून, हे उघड होतं. घरी गेल्यावर पुस्तक उघडायची हिंमत व्हायची नाही. दुकानावरही परिणाम झाला. शेतकऱ्याकडे पैसा नाही तर खत कोण नेणार? नवऱ्याचा पगार दोन महिने अर्धा आला.

वेळ कुठून आणायचा

सगळे विचारतात, "शाळा, घर, मुलीची दहावी, आणि वर हे. कसा समतोल साधला?" नाही साधला. ज्या कुणी तो साधतात त्यांना माझा नमस्कार. मी फक्त ठरवलं की नोव्हेंबर संपेपर्यंत काय करायचं नाही, आणि ते घरात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. न सांगता कामं टाळली की भांडणं होतात, सांगून टाळली की फक्त कुरकुर होते.

शाळेतलं काही कमी करायचं नाही, हे पहिलं. पहिलीची पोरं दिवाळीपर्यंत बाराखडीला लागली नाहीत तर वर्षभर मागे राहतात. कमी करायचं ते घरातलं. सकाळच्या भाकरी बंद. गल्लीतल्याच एका बाईंकडून रोजच्या आठ भाकरी लावल्या, महिन्याला साधारण अडीच हजार रुपये गेले. ऐन ओढीच्या दिवसांत तो खर्च डोळ्यांवर आला, पण सगळ्या उपद्व्यापात वसूल झालेला पैसा तोच. दिवाळीचा फराळ बचत गटाकडून. लग्न, बारसं, डोहाळजेवण, कुठेही जाणं नाही, फक्त फोन. एका नणंदेने ऐकवलंच, "वहिनींना आता कलेक्टर व्हायचंय." व्हायचं नव्हतं, आहे ती नोकरी टिकवायची होती.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. मला त्यांचीच धास्ती होती. आत्यांना भाकरी विकतची नको, कुकरचा भात नको, आणि गुडघ्यांमुळे स्वतः ओट्याशी उभं राहवत नाही. त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला खाली बसून निवडायला, सोलायला दे. भाजी मी देते करून, तू फोडणी टाक." नवऱ्याने डबे घेतले. त्याला पोहे आणि मुगाची खिचडी एवढंच येतं. मुलगा नोव्हेंबरभर पोहे खाऊन वैतागला आणि शेवटी स्वतःच अंड्याची पोळी शिकला.

अभ्यासाची वेळ पहाटे साडेचार ते सहा. रात्री मी प्रयत्न करून बघितला, साडेनऊनंतर डोळ्यांपुढे ओळी नाचतात. मुलगीही पहाटे उठायची. एकाच टेबलावर ती बीजगणित घेऊन आणि मी बालमानसशास्त्र घेऊन बसायचो. चहा ज्याची पाळी त्याने करायचा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दुपारी जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची. रविवार कपड्यांचा, आठवड्याच्या भाजीचा आणि आत्यांना डॉक्टरकडे न्यायचा. पुस्तकात लिहितात तसं रविवारी आठ तास वगैरे काही झालं नाही.

अभ्यास

पेपर 150 गुणांचा, 150 प्रश्न, अडीच तास. पाच विभाग, प्रत्येकी 30 गुण: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के म्हणजे 90 गुण लागतात, राखीव प्रवर्गांना 55 टक्के.

मराठी आणि परिसर अभ्यास आपण रोज शिकवतो, म्हणून सोपं वाटतं. पण प्रश्न चौथीवर थांबत नाहीत. मी बालभारतीची तिसरी ते आठवीची पुस्तकं वाचली. ती पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण मला कागद लागतो म्हणून शेजारपाजारच्या मुलांची जुनी गोळा केली. मार्गदर्शक पुस्तकं दोन घेतली, साडेआठशे रुपये. दुसरं घ्यायची गरज नव्हती. गणितात मुलीने शिकवलं: शेकडेवारी, सरळव्याज, काळ-काम-वेग. तिची शिकवायची पद्धत अशी की एकदा सांगून झालं की, "आई, इतकं सोपं आहे गं." मी वर्गात हे वाक्य किती वेळा वापरते ते तेव्हा लक्षात आलं, आणि ऐकणाऱ्याला ते कसं लागतं तेही कळलं.

इंग्रजी हा माझा कच्चा दुवा. तीसपैकी पंधरा मिळाले तरी पुरेत असं धरून मी व्याकरण केलं, उतारे केले, बाकी सोडून दिलं. ज्यांचं गणित कच्चं आहे त्यांनी गणिताचं तसंच करावं. नव्वद गुण पाचही विभागांतून सारखे यावेत असा कुठे नियम नाही.

बालमानसशास्त्राची मात्र मला भीती होती आणि तिथेच गोडी लागली. पियाजे, वायगॉटस्की, कोहलबर्ग ही मानसशास्त्रज्ञांची नावं डीएडला पाठ करून विसरलेली. पियाजेचा तो पाण्याचा प्रयोग वाचताना वाटलं, माझ्याकडे नेमक्या त्याच वयाची पोरं आहेत की! दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर दोन सारखे पेले घेतले, दोन्हींत सारखं पाणी भरलं. सगळ्यांनी मान्य केलं, सारखं आहे. मग एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या बाटलीत ओतलं आणि विचारलं, आता कुठे जास्त? पहिलीची पोरं एकमुखाने "बाटलीत!" पुस्तकात तसंच होतं. दुसरीतला एक मेंढपाळाचा पोरगा मात्र मान हलवत राहिला. मी विचारलं, "का रे, तुला काय वाटतं?" तर म्हणाला, "बाई, पुन्हा पेल्यात ओता की. तेवढंच हाय." पहिलीतली एक मुलगी त्याच्याशी भांडायला उठली, "बाटली केवढी उंच हाय बघ!" मी पुन्हा ओतलं. पाणी बरोबर आधीच्या खुणेला आलं. ती बघत राहिली, आणि मग म्हणाली, "आता सारखं झालं. मगाशी जास्त हुतं." या एका वाक्यावर पियाजेचं पानभर विवेचन आहे. तो भाग मला नंतर वाचावाच लागला नाही.

एवढं मान्य करते की निकालाबद्दलचा राग कायम असूनही या विषयाने वर्गात माझं काही तरी बदललं. चुकलेलं उत्तर ऐकल्यावर आता मी आधी थांबते.

नोव्हेंबर

दिवाळीच्या आधी संकलित मूल्यमापन झालं, त्याचे पेपर तपासणं, गुण ऑनलाइन भरणं. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, भाऊबीज 23 ला. भाऊबीजेला सकाळी माहेरी गेले आणि संध्याकाळी परत आले. आई रागावली. सुट्टीत रोज तीन तास मिळाले, सगळ्यात जास्त अभ्यास तेवढ्याच दिवसांत झाला.

सुट्टी संपली आणि नगरपालिका निवडणुकीचं वातावरण सुरू झालं. मतदान 2 डिसेंबरला होतं. माझा प्रशिक्षणाचा आदेश आला तो नेमका परीक्षेच्या आठवड्यातला. ग्रुपवर रोज "ही माहिती आज 4 वाजेपर्यंत" हे चालूच. पोषण आहाराची नोंद, आधार पडताळणी, पोरांचे अपार आयडी (विद्यार्थी ओळख क्रमांक), आणि कुणाला तरी वृक्षारोपणाचे फोटो हवे होते. अशी कामं मी आल्या आल्या, मधल्या सुट्टीत उरकत गेले. घरी न्यायची नाहीत एवढा एकच नियम. सरांनी दोन वेळा माझे तक्ते भरून दिले, त्यांचीही टीईटी होती तरी. आम्ही दोघांनी वाटून घेतलं होतं: ते परिसर अभ्यासाच्या टिपा काढायचे, मी बालमानसशास्त्राच्या, आणि खिचडी वाटून झाली की दहा मिनिटं एकमेकांना प्रश्न विचारायचे. पोरांना याची भारी गंमत वाटायची. बाई आणि सर एकमेकांना "चूक" म्हणतात!

शेवटच्या आठवड्यात मुलीला ताप आला, एकशे दोन. दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. एक किरकोळ रजा टाकली, तिच्याजवळ बसले. उरलेलं वाचायचं राहिलं ते राहिलंच.

प्रवेशपत्र निघाल्या निघाल्या त्याच्या दोन प्रती काढा आणि केंद्राचा पत्ता नकाशावर बघून ठेवा. माझं केंद्र सोलापुरात होतं. बार्शीहून सत्तर किलोमीटर, एसटीत महिलांना अर्धं तिकीट. आम्ही चौघी शिक्षिका मिळून एक गाडी केली, माणशी पाचशे रुपये पडले. एसटी स्वस्त पडली असती, पण पहाटेची गाडी चुकली तर सगळंच गेलं.

23 नोव्हेंबर

रविवार. पेपर साडेदहाला, पण प्रवेश बराच आधी बंद होतो, म्हणून आम्ही साडेआठलाच फाटकाशी. रांगेत पंचविशीतल्या मुली होत्या, आणि आमच्यासारख्या चष्मेवाल्याही. पुढे उभी असलेली मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही सुपरव्हिजनला का?" मी म्हटलं, "नाही गं, तुझ्याबरोबरच."

तपासणी कडक होती. काही वर्षांपूर्वीच्या टीईटी घोटाळ्यानंतर हे सगळं वाढलंय. घड्याळ, मोबाइल, पर्स काही नाही. काळं बॉलपेन, प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र. मी राजपत्राची प्रतही ठेवली होती. विचारली नाही, पण जवळ असल्याने धीर होता. अंगठ्याचा ठसा घेताना माझा अंगठा काही केल्या उठेना. भांडी आणि खडू, दोन्हींनी रेषा झिजलेल्या. ठसा घेणारा मुलगा म्हणाला, "काकू, केसांना लावा बोट, थोडं तेल लागू द्या." लावलं, आणि उठला. हे लक्षात ठेवा.

पेपर हाती आल्यावर पहिली पाच मिनिटं काही सुचलं नाही. मग मराठीपासून सुरुवात केली, मग परिसर अभ्यास, बालमानसशास्त्र, गणित आणि शेवटी इंग्रजी. दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न म्हणजे मिनिटाला एक, पण गोल काळे करायला वेळ लागतो तो कुणी धरत नाही. मी घरी मुलीकडून उत्तरपत्रिकेच्या दोन-दोन रुपयांच्या झेरॉक्स काढून सराव केला होता, त्याचा फायदा झाला. प्रत्येक विभाग संपला की त्याचे गोल भरायचे, शेवटावर ठेवायचे नाहीत. गणिताला ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला. इंग्रजीतले सहा-सात प्रश्न देवाच्या भरवशावर.

एक वाजता बाहेर. नवी पेठेकडे जाऊन कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं. दोघींना दुसरा पेपर द्यायचा होता, त्यांच्यासाठी आम्ही पाचपर्यंत थांबलो. तोवर मोबाइल सुरू केले तर बातमी: कोल्हापूर जिल्ह्यात टीईटीचा पेपर देतो म्हणून पैसे घेणारी टोळी पोलिसांनी पकडली. पोटात गोळा आला. परीक्षा रद्द झाली तर पुन्हा हे सगळं? परतीच्या वाटेवर चौघींत दुसरा विषय नव्हता. परीक्षा रद्द झाली नाही. पण खात्री पटेपर्यंतचे दिवस वाईट गेले.

त्यानंतर निवडणुकीचं काम होतं, आणि 5 डिसेंबरला याच टीईटीविरोधात शाळा बंद ठेवायचं आंदोलन. मी त्यात गेले. एक दिवसाचा पगार कापण्याचं पत्र आलं. नवरा म्हणाला, "परीक्षा दिलीस ना, मग आता मोर्चा कशाला?" परीक्षा मी माझ्यासाठी दिली. आमच्या तालुक्यात पन्नाशीचे कितीतरी शिक्षक आहेत, ज्यांनी पाड्या-वस्तीवर आयुष्य काढलं. त्यांनी इंग्रजीचे उतारे सोडवून आता काय सिद्ध करायचं, हा प्रश्न मी पास झाल्याने सुटत नाही.

उत्तरसूची आल्यावर मुलीने माझे गुण मोजले. तिच्या हिशेबाने शंभराच्या आसपास, माझ्या हिशेबाने नव्वद. निकाल दोघींच्या मधला लागला. पास झाले. त्या संध्याकाळी आत्यांनी शिरा करायला सांगितला, आणि तो मलाच करावा लागला.

पुढची पायरी सेवापुस्तकात नोंद. मुख्याध्यापकांमार्फत अर्ज, सोबत गुणपत्रकाची साक्षांकित प्रत, दोन संच. पंचायत समितीतल्या लिपिकाने सांगितलं की लेखी सूचना आल्यावर नोंद घेऊ. मी आवक क्रमांक टाकून पोच घेतली आणि फोटो काढून ठेवला. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. प्रमाणपत्राची मुदत आता आयुष्यभर आहे, पण कागद हरवतो आणि लिपिक बदलतो.

भाकरीच्या बाईंना मी अजून बंद केलेलं नाही. मुलीची दहावी 20 फेब्रुवारी 2026 पासून आहे, तिला पहाटे सोबत बसायला कुणी तरी लागतं. सरांचे चार गुण कमी पडले, ते पुढच्या वेळेला बसणार आहेत. माझ्या टिपा त्यांच्याकडे दिल्या आहेत आणि खिचडीनंतरची दहा मिनिटं चालूच आहेत. आता प्रश्न विचारायचं काम दुसरीच्या पोरांनी मागून घेतलंय. त्यांना "पियाजे" म्हणता येत नाही, ते "पियाजी" म्हणतात.